कच्चा आवाज

दिदी, तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे म्हटल्यावर तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचाराल ते मला ठाऊक आहे. किती लांब? दीड मिनिटाच्या वर जात असेल तर पाणी पिऊन ये आणि पुन्हा काप, असं तुम्ही म्हणायच्या. आज कापणार नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, मला टोकणारं कोणी राहिलं नाही, आणि टोकणारं माणूस गेलं की आपण किती पाल्हाळ लावायला लागतो ते मला रोज दिसतं. तेव्हा आज ऐकून घ्या. तुम्हालाही आता कुठलं बुलेटिन गाठायचं नाही.

आपली गाठ पडली ती पालघर जिल्हा नवा झाला त्या वर्षी, दोन हजार चौदाला. त्याआधी तुम्ही डहाणूच्या केबलवर बातम्या वाचायच्या आणि आख्खं गाव तुम्हाला केबलवाली म्हणायचं. उद्या पाणी उशिरा येणार, स्टेशनजवळ चाव्यांचा जुडगा सापडला आहे, अमक्यांच्या आजींचं निधन झालं, अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल. आमच्याकडे जेवणाची पानं तुमच्या आवाजावर वाढली जायची. नवा जिल्हा झाला तसं मुंबईच्या एका मराठी वाहिनीला डहाणू-तलासरीकडे आपलं माणूस हवं झालं आणि त्यांनी तुम्हाला घेतलं. तुम्हाला कॅमेरा धरणारं कोणी हवं होतं. मी तेव्हा हळदी आणि डोहाळजेवणं शूट करायचे. बायकांच्या कार्यक्रमात पुरुष कॅमेरावाला नको म्हणून वाडीवाल्यांच्या घरांतून मला बोलावणी असायची आणि त्याचा मला बऱ्यापैकी ताठा होता. अशाच एका हळदीला तुम्ही पाहुण्या म्हणून आला होतात. सगळ्या बायका नवरीकडे बघत होत्या, तुम्ही माझ्या हातांकडे. निघताना तुम्ही विचारलंत, नवरी हसत नसते तेव्हाही कॅमेरा चालू ठेवतेस का? मी म्हटलं, ठेवते, पण घरचे नंतर ते कापायला लावतात. तुम्ही म्हणालात, माझ्याकडे ये, मी लावणार नाही.

आमच्या आईने नाक मुरडलं. आमची चिकूची वाडी, थोडी भाताची जमीन, आणि आमच्याकडे नेपाळी म्हणजे वाडीचा राखणदार. तुम्ही नेपाळी, त्यात बाईमाणूस, आणि टीव्हीवाल्या, हे आईच्या डोक्यात कुठल्याच खणात बसेना. म्हणून तुम्ही स्वतः घरी आलात. वडिलांनी ओटीवर खुर्ची पुढे केली, तर तुम्ही चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेलात आणि आई लसूण सोलत होती तिथे तिच्यासमोर बसून तुम्हीही सोलायला लागलात. आई म्हणाली, तरणी पोर तुमच्या स्कूटीमागे बसून कुठे कुठे हिंडणार, लोक काय बोलतील. तुम्ही मान वर न करता म्हणालात, लोक बोलतील तेच तर आम्हाला शूट करायचं असतं, काकी. मी दाराआड होते. आई हसू दाबताना नाकाने फुसकन आवाज करते, तो मला ऐकू आला आणि माझं काम झालं हे मी ओळखलं. मग तुम्ही सांगितलंत की ही पोरगी हात न हलवता उभी राहू शकते, ते शिकवून येत नाही. आई म्हणाली, घरात तर एका जागी टिकत नाही. जाताना तुमच्या स्कूटीला चिकूंची पिशवी अडकवल्याशिवाय आईने तुम्हाला सोडलं नाही.

पहिली बोलणी मी धाकटी डहाणूच्या कोळीवाड्यात खाल्ली. एक होडी परत आली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती माणसं गुजरातच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्याचं कळलं, पण त्या सकाळी ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या होडीच्या तांडेलाची बायको सुकत घातलेल्या बोंबलांच्या खाली, वाळूत बसली होती. मी कॅमेरा लावला आणि इतक्या लग्नांची सवय तोंडातून बाहेर पडली. काकी, जरा इकडे बघा, पदर सारखा करा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिने ऐकलं. नवरा समुद्रात, आणि त्या बाईने पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं. तुम्ही पुढे झालात. तिच्याशेजारी वाळूत बसलात, माइक मांडीवर उपडा ठेवलात आणि मला नुसतं हाताने थांब म्हणालात. परतताना खाडीच्या वळणावर तुम्ही स्कूटी बाजूला घेतलीत.

"लग्नात लोक तुला बोलावतात," तुम्ही म्हणालात. "इथे आपल्याला कोणी बोलावलेलं नाही. तिने आपल्याला बघू दिलं, तेच पुष्कळ आहे."

मी डहाणू येईपर्यंत तोंड फुगवून बसले. घरी आल्यावर आईने विचारलं काय झालं, तर तिच्यावर डाफरले. पण आजही कॅमेरा उचलला की माझं तोंड आपोआप मिटतं. आता माझ्याबरोबर असणाऱ्या कॅमेरामनला मी हेच सांगते, फक्त तुमच्याइतक्या शांतपणे मला सांगता येत नाही.

तुमचं स्वतःचं तुम्ही तुकड्यातुकड्यांत सांगायच्या, तेही स्कूटी चालवताना, म्हणजे अर्धं वाऱ्यावर जायचं. जे हाती लागलं ते असं. तुमचे वडील नेपाळच्या डोंगरातून उतरून हायवेने खाली खाली येत चारोटी नाक्यावर थांबले आणि तिथल्या एका हॉटेलात आचारी झाले. आई आधीच गेलेली. थोरल्या बहिणीला आजीपाशी गावी ठेवून त्यांनी तुम्हाला इकडे आणलं आणि मराठी शाळेत घातलं. वर्गात निम्मी मुलं वारली बोलायची, काही गुजराती, मास्तर मराठी, त्यामुळे तुमचं नेपाळी कुणाला फारसं खुपलंच नाही. हॉटेलात पुढच्या भिंतीवर टीव्ही होता आणि वडील मागे भट्टीपाशी. त्यांना टीव्ही दिसायचा नाही, दिसला असता तरी मराठी कळायचं नाही. मग संध्याकाळच्या बातम्या लागल्या की तुम्ही मधल्या दारात उभ्या राहून त्यांना नेपाळीत सांगायच्या. त्यांचे हात कांद्यात, डोळ्यांत पाणी, मान खाली. बातमी लांबली की ते झारा आपटायचे. म्हणून तुमची वाक्यं आखूड झाली. आणि प्रत्येक बातमीनंतर त्यांचा एकच प्रश्न असायचा, मग त्या लोकांचं पुढे काय झालं? टीव्ही ते कधीच सांगत नसे. पुढे तुम्ही स्वतः बातमीदार झालात तेव्हा बातमी लागून गेल्यावरही त्या गावाला पुन्हा एक चक्कर मारायच्या. वाहिनीला त्याचा काही उपयोग नव्हता, पेट्रोल तुमचंच जळायचं, आणि मी विचारलं की म्हणायच्या, बाबांना काय सांगू?

या सगळ्यात एक गोष्ट तुम्हाला मिळत नव्हती, आणि ती तुम्हाला किती हवी होती ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. बाहेरगावचा बातमीदार मजकूर लिहितो आणि तो स्वतःच्या आवाजात वाचून मुंबईला पाठवतो. त्याला आमच्या धंद्यात गाइड म्हणतात, म्हणजे कच्चा आवाज. कुठे थांबायचं, कुठलं चित्र कुठल्या वाक्यावर, हे त्यावरून डेस्कला कळतं. पुढे काही जणांचा तोच आवाज पक्का होतो, काहींच्या जागी मुंबईतला दुसरा आवाज चढतो. तुमच्या जागी नेहमी चढायचा. बातमी तुमची, माणसं तुम्ही शोधलेली, शब्द तुमचे, आणि आवाज एका गोड गळ्याच्या मुलीचा, जिने डहाणू नकाशावरसुद्धा धड पाहिलं नव्हतं. उच्चार जरा वेगळा येतो, वाक्याच्या शेवटी आवाज वर जातो, प्रेक्षक स्वीकारणार नाहीत, असं डेस्कचं म्हणणं. प्रेक्षक म्हणजे कोण ते कधी कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे तर बाजारात एका वाक्यात मराठी, गुजराती आणि हिंदी तिन्ही नांदतात, आणि अगदी शुद्ध बोलणारा माणूस दिसला की तो बदली होऊन आलेला अधिकारी असणार हे आम्ही लांबून ओळखतो.

बाकीचे बातमीदार गाइड कसाबसा उरकायचे, चहा पिता पिता. तुम्ही खोलीतला पंखा बंद करायच्या, खिडकीवर गोधडी टाकायच्या, कोमट पाणी प्यायच्या आणि मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायच्या. मला घाम फुटायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, दिदी, कच्च्यासाठी कशाला एवढं? तुम्ही म्हणालात, ते त्यांच्यासाठी कच्चं आहे. आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलात. नंतर एकदा किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली भजी खाताना, माझ्याकडे न बघता, तुम्ही म्हणालात की एकदा तरी एक बातमी सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या आवाजात जावी, आणि शेवटी आपलं नाव आणि डहाणू. एवढंच. मग मिरचीचं देठ टाकून दिलंत आणि विषय बदललात.

पहिल्या वर्षाच्या शेवटी तुम्ही मला एक भेट दिलीत. आपल्याकडचा समुद्रावरचा वारा माइकमध्ये असा घुसायचा की बोलणाऱ्याचं काही ऐकू येऊ नये. तुमच्या वडिलांची जुनी लोकरी टोपी होती, ते गेल्यावर तुम्ही जपून ठेवलेली. ती उसवून, कापून तुम्ही माइकच्या मापाची पिशवी शिवलीत आणि माझ्या हातात दिलीत. मी म्हटलं, बाबांची टोपी कापलीत? तुम्ही म्हणालात, आता ते रोज माणसांचं जवळून ऐकतील. वाहिनीला ती टोपी मुळीच आवडली नाही, कारण तिने त्यांचं चिन्ह झाकलं जायचं. तुम्ही दर वेळी हो हो म्हणायच्या आणि मी ती दर वेळी घालायचे.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात नेपाळात भूकंप झाला. आपण तलासरीच्या बाजारात पाण्याच्या टंचाईवर लोकांचे बाइट घेत होतो आणि एका चहाच्या टपरीवरच्या टीव्हीत ती चित्रं दिसायला लागली. तुम्ही बहिणीला फोन लावलात, लागला नाही. पुन्हा लावलात, नाही. तेवढ्यात मुंबईहून फोन आला. वाहिनीची लाइव्हची गाडी दुसऱ्याच कामासाठी चारोटीला उभी होती, तिथे लगेच पोचा. आज तुम्हीच लाइव्ह. चेहरा, आवाज, नाव, सगळं. मला आनंद झाला, दिदी. तुमची बहीण सापडत नव्हती आणि तरी मला एक क्षण आनंद झाला, कारण तुम्हाला काय हवं होतं ते मला माहीत होतं. आपण चारोटीला पोचलो. तुम्ही बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलंत, केस बांधलेत, कानात इअरफोन घातलात. मी कॅमेऱ्यामागे. मुंबईच्या स्टुडिओतून काय सांगत होते ते मला माझ्या हेडफोनवर ऐकू येत होतं. आमची नेपाळची लेक, अशी तुमची ओळख करून देणार होते. आणि एक माणूस हळू आवाजात म्हणाला, रडू आलं तर थांबवू नका, आम्ही कॅमेरा तुमच्यावरच ठेवतो.

तुम्ही इअरफोन कानात नीट दाबलात. मागून ट्रक जात होते. मग तुम्ही अगदी सावकाश, गाइड वाचायच्या तशा आवाजात बोललात.

"माझी बहीण सापडत नाही आहे. तिच्यासाठी मी रडेन तेव्हा घरी रडेन. इथे डहाणूच्या वाड्यांत किती राखणदार आहेत, ते पण असेच फोन लावत बसले असतील. ती बातमी मी आत्ता देते. नेपाळची लेक म्हणून नाही. डहाणूची बातमीदार म्हणून, माझ्या आवाजात. चालेल?"

तिकडून म्हणाले, विचारून सांगतो. मग लाइन बंद झाली ती झालीच. तुम्ही वाट बघितलीत, मग इअरफोन गुंडाळून गाडीतल्या माणसाकडे दिलात, त्याला थँक यू म्हणालात आणि स्कूटी सुरू केलीत. इतके महिने ज्याची वाट बघितली ते समोर आलेलं, आणि तुम्ही ते असं परत केलंत. मला तुमचा राग आला होता. हायवेवर मागे बसून मी म्हणत होते, एकदा करून टाकायचं होतं, नंतरचं नंतर बघितलं असतं. तुम्ही स्कूटी आणखी दामटलीत.

आपण आमच्या वाडीत आलो. राखणदारांना आईने आधीच बोलावून घेतलं होतं, आजूबाजूच्या वाड्यांतलेही जमले होते. चुलीवर भाताचं मोठं पातेलं. कुणाकडे फोन होता तर चार्जिंग नाही, कुणाकडे नंबरच पाठ नाही. तुम्ही तुमचा फोन काढून दिलात आणि तो हातोहात फिरायला लागला. तुमच्या बहिणीने लावला असता तर याच फोनवर, आणि तो दुपारभर दुसऱ्यांच्या कानाला. मी विचारलं, शूट करू? तुम्ही म्हणालात, कर, पण लांबून. गाइड तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात वाचलात, आईने पंखा बंद करून सगळ्यांना दटावून गप्प बसवलं. संध्याकाळी ती बातमी लागली, त्या गोड गळ्याच्या मुलीच्या आवाजात. राखणदारांनी ती उभ्याने बघितली आणि तुमच्याकडे बघून मान हलवली. काही दिवसांनी कुणा शेजाऱ्याच्या फोनवरून तुमच्या बहिणीचा फोन आला. घर गेलं होतं, ती आणि मुलं ताडपत्रीखाली होती, जिवंत होती. तुम्ही आमच्या ओटीवर उकिडव्या बसून मोठमोठ्याने रडलात आणि आईने तुम्हाला धरून ठेवलं. त्या दिवसापासून आई तुमच्याशी अगंतुगं करायला लागली.

मधली वर्षं कामात गेली. विवळवेढ्याची जत्रा दर चैत्रात आपणच करायचो, आणि एका वर्षी वाहिनीने खास मुंबईहून एक बातमीदार मुलगी पाठवली, कॅमेऱ्यासमोर उभं राहायला. मी रागाने लाल. तुम्ही तिला महालक्ष्मीच्या देवळाची सगळी हकीकत सांगितलीत, गावांची नावं कशी म्हणायची ते घोकून घेतलंत, आणि ऊन तोंडावर येत होतं म्हणून तिच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उभ्या राहिलात. ती चांगली मुलगी होती, लाजली. मी तुम्हाला म्हटलं, तुम्हाला राग कसा येत नाही? तुम्ही म्हणालात, येतो ना, पण यात तिची चूक नाही. मला ते तेव्हा मुळीच पटलं नाही. आता थोडं थोडं पटतं, सगळं नाही.

मग दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर डहाणू आणि तलासरीच्या मधल्या गावांत जमीन हादरायला लागली. कधी नुसती भांडी वाजायची, कधी भिंतीला तडा. पाड्यांवरची माणसं थंडीत घराबाहेर ताडपत्रीखाली राहायला लागली. तुमच्या पोटाचं दुखणं तोवर सुरू झालं होतं, वापीला डॉक्टरकडे फेऱ्या चालू होत्या, तरी तुम्ही स्कूटी माझ्याकडे द्यायला तयार नव्हता. डेस्कवरून फोन आला, घरातून बाहेर धावणारी माणसं मिळाली तर बघा, चित्रं कमी पडतायत. तुम्ही म्हणालात, ती बाहेरच आहेत, पुन्हा आत नेऊन पळवू का? पलीकडचा माणूस हसला, पण पुन्हा विचारलं नाही.

त्या पाड्यावर तुम्ही लोकांना भीती वाटते का हे विचारलंच नाहीत. बाकीचे सगळे तेच विचारून गेले होते आणि लोक कंटाळून हो म्हणत होते. ताडपत्रीपुढे एक म्हातारी नाचणी निवडत बसली होती. तुम्ही तिच्यासमोर बसून विचारलंत, सकाळी घरात पहिलं कोण जातं? म्हातारी थांबली. मग म्हणाली, "मीच जातें. पोरांना नाय जाऊ देत. माझा काय, पडला तं पडला." आणि मग ती बोलतच राहिली, सून, नातवंडं, शेळी, तडा गेलेली भिंत, सगळं. परतताना मी विचारलं, हा प्रश्न कुठून सुचला? तुम्ही म्हणालात, माझी बहीण ताडपत्रीत होती तेव्हा तीच पहिली आत जायची, मला तिने सांगितलं होतं. त्या रिपोर्टचा गाइड तुम्ही वाचलात तेव्हा आवाज बारीक झाला होता, पण एक शब्द घाईत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तुमच्या सवयीप्रमाणे आपण पुन्हा त्याच पाड्यावर. लोकांनी घरातला टीव्ही बाहेर आणून ताडपत्रीखाली खोक्यावर ठेवला होता, आपल्याच गावाचं काय चाललंय ते बघायला. दुपारचं बुलेटिन लागलं. म्हातारीचा हात आला, नाचणी आली, आणि त्यावर तुमचा आवाज. मला आधी कळेचना. मी तुमच्याकडे बघितलं, तुमचे ओठ मिटलेले होते, आणि आवाज चालू होता. मुंबईला कुणीतरी गडबडीत कच्चा आवाज न बदलताच लावून दिला होता. शेवटी तुमचं नाव आलं आणि डहाणू. टीव्हीपुढची सगळी माणसं वळून तुमच्याकडे बघायला लागली.

म्हातारी म्हणाली, "या तं तुमीच बोलतां. मंग दर खेपेला त्या दुसऱ्या पोरीला कशाला बोलवतां?"

कुणी हसलं नाही, कारण तिने विनोद केला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मला वाटलं तुमच्या डोळ्यांत पाणी येईल, माझ्या तर आलं होतं. तुम्ही माझ्याकडे वाकून हळूच म्हणालात, मधे एक श्वास जास्त घेतलाय मी. आणि मग फोन वाजला. डेस्कवरचा मुलगा घाबराघुबरा झालेला. सॉरी मॅडम, चुकून गाइड गेला, संध्याकाळच्या बुलेटिनला बदलतो. तुम्ही विचारलंत, कुणाची तक्रार आली? तो म्हणाला, नाही, तशी कुणाची नाही आली, कुणाच्या लक्षातच नाही आलं.

"इथे सगळ्यांच्या लक्षात आलं," तुम्ही म्हणालात. "तसाच राहू दे."

चारोटीनंतर इतक्या वर्षांत वाहिनीकडे तुम्ही स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट. संध्याकाळी आपण तिथेच थांबलो आणि पुन्हा ऐकलं, तोच आवाज. त्यानंतर वरून काही आदेश आला नाही, कुणी निर्णय घेतला नाही. फक्त तुमचा आवाज बदलायचं कुणाला सुचलं नाही. शेवटचे काही महिने तुमच्या सगळ्या बातम्या तुमच्याच आवाजात गेल्या. बाजारात लोक म्हणायचे, केबलवाली परत आली.

पावसाळा सरता सरता तुम्ही गेलात. वापीच्या दवाखान्यात अगदी शेवटी मी माझा पहिला स्वतंत्र मजकूर तुम्हाला वाचून दाखवला होता, आणि तुम्ही डोळे मिटून, हाताने हवेत कातरी चालवून दाखवली होती. खाडीकाठच्या स्मशानात धाकटी डहाणूची माणसं होती, वाड्यांचे राखणदार होते, तलासरीकडचे लोक भरलेल्या टेम्पोने आले होते. आमची आई स्मशानात कधी गेली नव्हती, ती आली. मुंबईहून हार आला. तुम्ही गेल्याची बातमी मी लिहिली आणि मीच वाचली, पंखा बंद करून, खिडकीवर गोधडी टाकून. तो आवाज तसाच गेला. मला तुमची जागा दिली तेव्हाही माझ्या आवाजाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वाट तुम्ही करून ठेवली होती, मी नुसती चालत गेले. तुमच्यासारखी बातमीदार मी पुन्हा पाहिली नाही, आणि मी स्वतः तशी झाले आहे असं मला वाटतही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. घरीही ठेवता येणार नाही, कारण आई माझं कपाट आवरते आणि पुढचं तिने वाचलं तर माझी धडगत नाही. परवा मुंबईच्या ऑफिसात एक नवीन मुलगी माझ्याजवळ आली. म्हणाली, मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे, पण तुम्ही मूळच्या इकडच्या नाही ना? वाक्याच्या शेवटी तुमचा आवाज जरा वर जातो. दिदी, आमचं घराणं डहाणूच्या वाडीत किती पिढ्या आहे ते माझ्या वडिलांनाही सांगता येणार नाही. पण मी त्या हळदींच्या जुन्या फिती काढून ऐकल्या, त्यात मी थेट आईसारखी बोलते, आणि आताच्या बातम्या ऐकल्या तर त्या मुलीचं बरोबर आहे. ते मला घरी आल्यावर समजलं. तिथे, तिच्यासमोर, मी क्षणभरही विचार केला नाही. मी म्हटलं, माझी आई नेपाळची. ती म्हणाली, तरीच. आणि मी तिला दुरुस्त केलं नाही.